पोटातली उलटी सरी

"काल संध्याकाळपर्यंत अगदी चांगला होता हो, सकाळी बघितलं तर गेलेला." गिनीपिग पाळणाऱ्या घरांत हे वाक्य ठरलेलं. त्यापाठोपाठ शेजारपाजारचं दुसरं वाक्य येतं: घरावर काहीतरी यायचं होतं, त्या बिचाऱ्याने अंगावर घेतलं. फिशटँकमधला मासा मेला तरी हेच म्हणतात. पोरांची समजूत घालायला ते ठीक आहे, पण पिंजऱ्यात दुसरा गिनीपिग उरलेला असतो आणि त्याच्याही पोटात तेच चाललेलं असू शकतं. पुष्कळदा दोन-तीन दिवस आतडं मंदावत आलेलं असतं आणि त्याच्या खुणा पिंजऱ्यात पडलेल्या असतात. कुठे बघायचं हे ठाऊक नसतं, इतकंच.

बघायचं ते लेंड्यांकडे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला हा प्राणी सगळ्यांची शिकार होत आलेला, त्यामुळे दुखणं चेहऱ्यावर येऊ न देणं त्याच्या हाडीमाशी खिळलंय. लेंड्या मात्र त्याला लपवता येत नाहीत. निरोगी लेंडी साधारण 1 सेंटीमीटर लांब, दोन्ही टोकांना गोल, तपकिरी, बाहेरून सुकी आणि दाबली तर आतून किंचित ओलसर असते. दिवसाला अशा शंभराच्या वर पडतात. त्या बारीक, काळपट, एका टोकाला निमुळत्या किंवा केसांनी-चिकट्याने माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या, तर आतली गाडी मंदावलीय. आणि रात्रीतून दहा-बाराच पडल्या असतील तर सकाळचा चहा नंतर, आधी डॉक्टरांना फोन.

हे असं का होतं ते कळायला त्याच्या आतड्यातली एक गंमत बघावी लागेल. गंमत म्हणतोय खरं, पण प्राणिशास्त्रात इतकी देखणी प्लंबिंग क्वचितच सापडते.

गाय आणि गिनीपिग दोघेही गवतावर जगतात, आणि गवतातलं सेल्युलोज फोडणारं विकर दोघांकडेही नाही. ते काम पोटातले जिवाणू करतात. फरक आहे तो आंबवायची टाकी कुठे बसवलीय यात. गायीची टाकी पुढे, खऱ्या जठराच्या आधी. तिथे पोसलेले जिवाणू पुढे सरकून जठरात मरतात आणि लहान आतड्यात पचून जातात. म्हणजे गाय गवत खाते ते जिवाणूंना घालायला, आणि मग जिवाणू खाते. गिनीपिगची टाकी मागे आहे. लहान आतडं संपतं तिथे, पोटाच्या डाव्या अंगाला, अंधनाल नावाची 15 ते 20 सेंटीमीटर लांब पातळ पिशवी असते. पचनमार्गातल्या एकूण ऐवजापैकी 65 टक्क्यांपर्यंत ऐवज एकट्या या पिशवीत मावतो. त्यात जिवाणू चोथा आंबवून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी लहान मेदाम्लं बनवतात. ती तिथल्या तिथे भिंतीतून शोषली जातात आणि प्राण्याला ऊर्जा मिळते.

टाकी मागे असल्याने दोन अडचणी येतात. पहिली अशी, की चोथा पुढे ढकलला की त्याच्याबरोबर जिवाणूही वाहून जाणार, आणि त्यांच्या वाढीचा वेग काही वाहून जाण्याला पुरून उरेल इतका नाही. ताकाचं विरजण रोज मोरीत ओतल्यासारखं. सशाने यावर पाण्याचा उपाय काढला. त्याचं मोठं आतडं द्रव आणि बारीक कण पिळून मागे अंधनालेत पाठवतं, जाड चोथा बाहेर टाकतं. गिनीपिगचा उपाय वेगळा आहे. त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आतल्या अस्तराच्या दोन उभ्या घड्या असतात आणि त्यांच्यामध्ये एक चर. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला दाखवलं तर तो म्हणेल, ही तर सरी, आणि बाजूचे दोन वरंबे. अस्तरातून चिकट श्लेष्मा झिरपतो, जिवाणू त्यात अडकतात आणि हा जिवाणूंनी भरलेला श्लेष्मा सरीत गोळा होतो. आता खरी कमाल. सरीतला माल उलट्या दिशेने, अंधनालेकडे परत जातो, कारण आतड्याच्या त्या भागात स्नायूंच्या लाटा मागच्या बाजूला धावतात. त्याच वेळी नळीच्या मधल्या पोकळीतला जाड चोथा पुढे जात असतो. एकच नळी, दोन दिशांची वाहतूक, आणि मध्ये दुभाजक म्हणून नुसती अस्तराची घडी.

दुसरी अडचण प्रथिनांची. अंधनालेत जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं लहान आतड्याच्या पुढे तयार होतात, म्हणजे शोषणाची मुख्य जागा मागे राहिलेली. मग ती पुन्हा तोंडावाटे आत घ्यायची. गिनीपिग मान वळवून थेट गुदद्वाराशी तोंड नेतो आणि मऊ लेंडी खातो, तीही दिवसातून बऱ्याच वेळा. गाय तोंडाशी परत आणते, हा दुसऱ्या टोकाकडून घेतो, मूळ विचार एकच. त्याला "घाण सवय" म्हणून थांबवू नये. हे खाणं अडवलं तर वजन घटतं, चोथा कमी पचतो आणि खनिजं लेंडीतून वाया जातात. फार लठ्ठ किंवा गाभण जनावराला वाकता येत नाही. म्हाताऱ्या नरांत गुदद्वाराजवळच्या स्नायूंचा ताण जातो आणि मऊ माल तिथेच साचून गोळा होतो. तो कोमट पाणी आणि थोडं द्रव पॅराफिन लावून हळूच काढावा लागतो, काहींचा रोज.

आता ही सगळी यंत्रणा ज्यावर चालते ते म्हणजे लांब धाग्याचा चोथा. तो आतड्याच्या भिंतीला ताण देतो आणि त्या ताणाने लाटा चालू राहतात. खाणं थांबलं की ताण जातो, लाटा मंदावतात, अडकलेल्या मालातलं पाणी शोषलं जाऊन तो कोरडा होतो, अंधनालेतल्या जिवाणूंची फौज बदलते, वायू साठतो. वायूने भिंत ताणली की कळ येते, आणि कळ आली की जनावर उरलंसुरलं खाणंही सोडतं. म्हणजे वेदना हे या आजाराचं नुसतं लक्षण नाही, तीच त्याचं इंधनही आहे. म्हणून जाणते पशुवैद्य आतडं चालू करायच्या औषधाच्या आधी वेदनाशामक, बहुधा मेलॉक्सिकॅम, आणि त्वचेखाली सलाईन देतात. माणसांची गोळी घरी चुरून द्यायची नाही. आपली 7.5 मिलिग्रॅमची गोळी 900 ग्रॅमच्या जिवाला कित्येक पटींनी जास्त होते.

सुरुवात पोटातूनच झालेली असते असंही नाही. गिनीपिगचे 20 दात आयुष्यभर वाढतात. गवत दळताना ते झिजतात. पोळी, बिस्किट आणि चिवड्यावर झिजत नाहीत. खालच्या दाढा आत कलत कलत जिभेवर पुलासारख्या येतात आणि जीभ खाली अडकते. असा गिनीपिग हाक मारली की धावत येतो, काकडी उचलतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली राहते. उलट, ज्याचं पोट दुखतंय तो येतच नाही. खायचंय पण जमत नाही, की खायचंच नाही, एवढा फरक टिपून ठेवलात तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. पुढचे दात नखं कापायच्या कात्रीने घरी कापू नका. ते उभे चिरतात, आणि दोष तर मागच्या दाढांत असतो.

वेदनेच्या बाकी खुणा: अंगावरचे केस फुललेले, पाठीला पोक, तोंड कोपऱ्याकडे. डोळे अर्धवट मिटलेले, आणि हे महत्त्वाचं, कारण निरोगी गिनीपिग पुष्कळदा उघड्या डोळ्यांनीच झोप काढतो. मागचा पाय मधूनच लांब ताणणं, पोट जमिनीला दाबणं, दातांचा करकर आवाज. फ्रिज उघडल्यावर किंवा पिशवी वाजल्यावर येणारी शिट्टी बंद होणं. लघवी करताना किंचाळला तर मूतखड्याची शंका घ्यावी. तो एक्स-रेत बहुधा दिसतो.

डोळ्यांपेक्षा काटा बरा. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, वर खोलगट भांडं, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. प्रौढ मादी साधारण 700 ते 900 ग्रॅम, नर 900 ते 1200. आठवड्यात 50 ग्रॅम उतरले तर रोज वजन करा. दहावा हिस्सा उतरला तर दवाखाना गाठा. बारा तास काहीच खाल्लं नसेल तर वजनाची वाट बघू नका.

पोट हाताला ढोलकीसारखं ताठ लागलं तर तोंडावाटे काहीही द्यायचं नाही. जठर वायूने फुगून पिळलंही असू शकतं, आणि गिनीपिगला उलटी करता येत नाही. गुरांच्या पोटफुगीला गोडेतेल पाजतात, बाळाला ओव्याचं पाणी देतात. इथे दोन्ही नकोत. धडपडणाऱ्या जिवाच्या घशात ओतलेलं तेल फुप्फुसात जातं. बाळांचे गॅसचे थेंब फेसाचे बुडबुडे फोडतात, थांबलेलं आतडं चालू करत नाहीत. कान-पाय गार लागत असतील तर फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा आणि निघा. बरोबर एका डबीत लेंड्या घ्या.

पोट मऊ असेल आणि डॉक्टरांनी भरवायला सांगितलं असेल तर 1 मिलीची सुई नसलेली सिरिंज लागते. गिनीपिगच्या खाद्याच्या पेलेट (गवताच्या दाबलेल्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून पातळ पेजेसारख्या करा. जनावर टॉवेलात गुंडाळा, पण पाठीवर झोपवू नका. सिरिंज समोरून नव्हे, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून बाजूने घाला. एका वेळी 0.2 ते 0.5 मिली, मग चावू द्या, गिळू द्या. दिवसाला किलोमागे 50 ते 80 मिली, पाच-सहा वेळा विभागून. 900 ग्रॅमच्या नराला म्हणजे 45 ते 72 मिली. एका बैठकीला पाऊण तास जातो, घरातल्या दोघांनी पाळ्या लावाव्यात.

औषधांच्या कपाटातलं अँटिबायोटिक मात्र कधीही नाही. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन तोंडावाटे दिलं की अंधनालेतले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे माजतात आणि त्यांच्या विषाने जनावर काही दिवसांत जातं. पेनिसिलिन गिनीपिगला मारतं हे 1943 मध्येच नोंदलं गेलं. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी 25 मे 1940 रोजी पेनिसिलिनची गाजलेली चाचणी उंदरांवर केली. गिनीपिगवर केली असती तर कदाचित औषधच विषारी ठरवून बाजूला पडलं असतं. दवाखान्यात चिठ्ठी लिहिली जात असताना गट कोणता ते विचारायला लाजू नका.

चाऱ्याचं नाशिकपुरतं सांगायचं तर लसूणघासाने फार घोळ केलाय. नावात लसूण असली तरी लसणाशी नातं नाही, तो ल्युसर्न. (खरा लसूण आणि लासलगावचा कांदा मात्र विषारीच.) लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं. गिनीपिग गरजेपेक्षा जास्त कॅल्शियमही शोषतो आणि लघवीतून टाकतो, त्यातून खडे होतात. वाढत्या पिल्लाला आणि गाभण मादीला चालतो, प्रौढाला रोज नको. हरळी उत्तम, बाप्पाच्या दूर्वाही तीच. सुकं डोंगरी गवत दिवसरात्र समोर असलं पाहिजे, खाण्याचा चार-पंचमांश भाग त्याचाच. पावसाळ्यात गवताला कुबट वास आला की टाकून द्या, बुरशी लागलीय. द्राक्ष आठवड्याला एक-दोन मणी, धुऊन. द्राक्षबागेतली पानं नकोतच, त्यांच्यावर बोर्डो मिश्रणापासून काय काय फवारलेलं असतं. जीवनसत्त्व क त्याचं शरीर बनवत नाही, आपल्यासारखंच. 1907 मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी स्कर्व्ही गिनीपिगमध्येच दाखवली होती. रोज किलोमागे 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं. पेरूची फोड किंवा ढोबळी मिरचीचा तुकडा ते भागवतो. पाण्यात टाकायचे थेंब काही तासांत निकामी होऊ लागतात, त्यांच्या जाहिरातींवर खर्च करू नये. बोअरच्या जड पाण्याचा क्षार बाटलीच्या नळीतल्या गोळीवर बसतो, तेव्हा ती रोज बोटाने दाबून पाणी येतंय ना ते बघा.

उपचारांनंतर पडणाऱ्या पहिल्या लेंड्या खडबडीत, बारीक, कधी श्लेष्मा लागलेल्या असतात. घाबरू नका, तो जुना अडकलेला माल आहे. भरवणं तेवढ्यावरून थांबवायचं नाही. लेंडी पुन्हा 1 सेंटीमीटरची, दोन्ही टोकांना गोल व्हायला लागली, गवताची काडी त्याने आपणहून ओढली आणि काट्यावरचा आकडा सलग तीन दिवस उतरला नाही, की सिरिंज एकेक वेळेने कमी करा.