ई-रिक्षा, गच्चीवरची दोन पॅनेल आणि थंडीतली सकाळ

नागपुरातल्या साध्या ई-रिक्षाच्या सीटखाली १२ व्होल्टच्या चार लेड-अॅसिड बॅटऱ्या असतात. त्या सिरीजमध्ये जोडल्या की ४८ व्होल्टचा संच होतो. बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल तर संचात ४.८ युनिट वीज मावते. गच्चीवर ५४० वॉटची दोन पॅनेल टाकली तर चांगल्या उन्हाच्या दिवशी चार युनिटांच्या आसपास मिळते. हिशेब जवळपास जुळतो. घोळ इतकाच, की ऊन असतं तेव्हा रिक्षा सवारी घेऊन सीताबर्डीत! म्हणजे एक तर बॅटऱ्यांचा दुसरा संच हवा, नाहीतर दुपारी गाडी घरी हवी. मे महिन्यात तशीही दुपारी सवारी मिळत नाही.

पॅनेल आणि बॅटरीच्या मधे चार्ज कंट्रोलर लागतो. तो नसेल तर बॅटरी भरल्यावरही करंट जात राहतो, गॅस सुटतो, पाणी आटतं. तो दोन प्रकारचा असतो: साधा पीडब्ल्यूएम काही शे रुपयांपासून मिळतो, त्याहून हुशार एमपीपीटीला काही हजार मोजावे लागतात.

पीडब्ल्यूएम म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणारा स्विच. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. आपली दोन पॅनेल सिरीजमध्ये ८२ व्होल्टला १३ अँपिअर देतात, पण बॅटरी ५२ व्होल्टवर असते. १३ गुणिले ५२ म्हणजे ६७६ वॉट. १०८० मधले चारशे वॉट हातचे गेले. एमपीपीटी सायकलच्या गिअरसारखं काम करतो: जादा व्होल्टेज उतरवून त्याबदल्यात करंट वाढवतो. बॅटरीकडे १३ ऐवजी १९-२० अँपिअर जातात. कडक उन्हाळ्यात पॅनेल तापून त्याचं व्होल्टेज उतरतं, त्यामुळे तेव्हा हा फायदा थोडा आटतो. तरी रोज गाडी चालवणाऱ्याने इथे पैसे वाचवू नयेत, असं माझं मत.

पण स्वस्तातल्या कितीतरी डब्यांवर नुसतं ‘एमपीपीटी’चं स्टिकर असतं, आत निघतो पीडब्ल्यूएमच. ओळखायला डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र, पुरतं. भर दुपारी, बॅटरी बरीच उतरलेली असताना, आधी पॅनेलच्या आणि मग बॅटरीच्या वायरचा करंट मोजा. दोन्हीकडे सारखाच आकडा आला तर स्टिकर खोटं. हातात घेऊनही अंदाज येतो. खऱ्या एमपीपीटीत तांब्याची जाड कॉइल असते, त्यामुळे तो जड लागतो.

घेताना लोक अँपिअर विचारतात, मी आधी व्होल्ट विचारतो. लोड नसताना ही दोन पॅनेल मिळून ९९ व्होल्ट दाखवतात. मग पॅनेलकडून जास्तीत जास्त १०० व्होल्ट सोसणारा कंट्रोलर चालेल ना? नाही चालणार. पॅनेलवर छापलेला आकडा २५ अंशांचा असतो, आणि सेल गार पडला की व्होल्टेज चढतं, अंशामागे साधारण ०.२७ टक्के. जानेवारीत पारा ८ अंशांवर असताना कोवळं ऊन पडलं की १०३ व्होल्ट होतात, आणि कंट्रोलर जळू शकतो. इथे १५० व्होल्टचाच घ्यावा. उलट, एकाच पॅनेलचे ४१ व्होल्ट ४८ च्या संचाला पुरतच नाहीत. त्यासाठी व्होल्टेज चढवणारा ‘बूस्ट’ कंट्रोलर वेगळा मिळतो.

लेड-अॅसिडला उन्हाळाही सोसत नाही. २५ अंशांना ५७.६ व्होल्टपर्यंत चार्ज होणारा संच ४५ अंशांना जवळपास दोन व्होल्ट आधीच थांबवावा लागतो. म्हणून बॅटरीला चिकटवायची तापमानाची वायर सोबत आहे का ते पाहा. १६ सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट पॅकला मात्र ५८.४ व्होल्टची कमाल मर्यादा असते, आणि इक्वलायझेशन (लेड-अॅसिडला अधूनमधून मुद्दाम देतात ते जादा चार्जिंग) बंदच ठेवायचं. कंट्रोलरमध्ये लिथियमची सेटिंग नसेल तर तो परत द्या. ज्या स्कूटरचा चार्जर बॅटरीशी डेटा वायरने बोलतो, तिला यातलं काहीच जोडू नका. इन्व्हर्टर लावून तिचाच चार्जर वापरा.

आणि जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.