सावळी त्वचा आणि इन्फ्रारेड फिल्म

इन्फ्रारेड फिल्मवर, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड टिपणाऱ्या फिल्मवर, काळ्यासावळ्या माणसाचा फोटो काढला की बघणारा हमखास विचारतो, हा एवढा गोरा कसा काय झाला? गोरा-बिरा काही होत नाही. आपल्याला जो काळेपणा दिसतो तो मेलॅनिनचा, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्याचा, आणि मेलॅनिन निळा-हिरवा उजेड भरपूर खातं, लालकडे जाल तसं कमी कमी, आणि साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे आपल्या डोळ्याला दिसायचं जवळपास संपतं तिथून, फारच कमी. मग तो उजेड कातडीत आत शिरतो, विखुरतो आणि परत बाहेर येतो, म्हणून चेहरा दुधाळ, मेणाच्या पुतळ्यासारखा दिसतो. गोऱ्या माणसाचाही तसाच दिसतो. दोघांना शेजारी उभं केलं तर फरक बराच कमी होतो, पण किती ते फिल्मवर आहे, इलफर्ड एसएफएक्स जेमतेम ७४० पर्यंत बघते, कोडॅकची एचआयई ९०० पर्यंत जायची (ती २००७ मध्ये बंद झाली, जुने लोक अजून हळहळतात).

लग्नाच्या बायोडेटासाठी ही आयडिया कोणाला सुचली असेल तर सोडून द्या, भुतासारखा चेहरा येईल. ओठ फिके पडतात, वांगाचे डाग जवळजवळ गायब, पण कानशिलावरच्या शिरा मात्र उठून दिसतात आणि सकाळी गुळगुळीत दाढी केली असली तरी कातडीखालचे खुंट काळपट दिसतात. काळेभोर डोळे उलट उजळतात, बुबुळातली नक्षी दिसायला लागते, आधारचं बुबुळ स्कॅन करणारं मशीन याच गोष्टीवर चालतं.

सगळ्यात भारी दिसतं ते गोंदण. जुनं गोंदण काजळीचं असायचं, आणि काजळी म्हणजे कार्बन, तो इन्फ्रारेडही शोषतो. त्यामुळे सावळ्या हातावर विरून हिरवट झालेले आजीचे ठिपके भोवतीची कातडी उजळल्यामुळे पुन्हा काळे कुळकुळीत दिसतात. ममींवरचं पुसट गोंदण शोधायला संशोधक हीच युक्ती वापरतात.

एक्स्पोजरमध्ये मात्र लोक फसतात. सावळ्या चेहऱ्यावरून उजेड मोजायचा मीटर घेतला तर तो दिसणाऱ्या उजेडाचं माप देतो, चेहरा काळा आहे म्हणून जास्त एक्स्पोजर सांगतो, आणि फिल्मवर तोच चेहरा आधीच उजळ असल्याने पार पांढरा फटक होतो. त्यापेक्षा चेहऱ्यावर पडणारा उजेड मोजा आणि कमी-जास्त एक्स्पोजरच्या दोन-तीन फ्रेम जास्त काढा. रोलाय इन्फ्रारेड ४०० वर दिसणारा उजेड बहुतेक अडवणारा होयाचा आर७२ फिल्टर लावला की ४०० आयएसओची (उजेड टिपायच्या वेगाची) फिल्म व्यवहारात १० च्या आसपास येते, म्हणजे उन्हातसुद्धा ट्रायपॉड लागतो आणि समोरच्याला जरा श्वास रोखून बसवावं लागतं. फोकस केल्यावर लेन्सवरच्या इन्फ्रारेडसाठीच्या लाल खुणेपर्यंत रिंग सरकवायला विसरू नका, नाहीतर डोळे सॉफ्ट येतात. एचआयई तर पूर्ण अंधारातच भरावी लागायची.

इन्फ्रारेड फोटो पहिल्यांदा छापले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये, तेही झाडं आणि आकाशाचे. रंगीत इन्फ्रारेड म्हणजे कोडॅक एरोक्रोम हे वेगळंच प्रकरण, ती लपवलेलं सैन्य विमानातून हुडकण्यासाठी निघालेली. आयरिश फोटोग्राफर रिचर्ड मॉसने तीच फिल्म पूर्व काँगोत नेऊन बंदूकधारी सैनिकांचे फोटो काढले, पण त्यात माणसांपेक्षा मागचे, या फिल्मवर हिरवळ गुलाबी येते म्हणून गुलाबी झालेले डोंगरच जास्त लक्षात राहतात.