फिल्टर बदलल्यावर नुसता सेल्फ मारू नका

नागपुरात जुन्या डिझेल गाडीवाल्यांमध्ये एक समज पक्का बसलाय: डिझेल फिल्टर बदलला की सेल्फ मारत राहा, पंप डिझेल ओढून घेतो. चूक! लाइनीत शिरलेली हवा डिझेल अडवते. बॅटरी बसते, स्टार्टर तापतो. त्याहून वाईट म्हणजे रोटरी आणि कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारी पद्धत) पंपांना वंगण डिझेलचंच मिळतं; कोरडे फिरले की ते आतून झिजतात, आणि तो खर्च फिल्टरच्या कितीतरी पट असतो. डिझेल ओढायचा हातपंप असलेल्या गाडीत एअर स्क्रू (हवा बाहेर काढायचा स्क्रू) सैल करून पंप दाबा, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा, पंप कडक होईस्तोवर दाबा. मगच सेल्फ, एका वेळी १० सेकंद. कॉमन रेलच्या चालू इंजिनात इंजेक्टरचा नट कधीच सैल करू नका. १००० बारांवरच्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदते.