जानेवारी शून्य का?

जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेत तारखेचे भाग वेगळे काढताना पहिली ठेच बहुतेकांना गेटमंथ या महिना सांगणाऱ्या मेथडपाशी (आदेशापाशी) लागते. डिसेंबर असला की उत्तर येतं ११. तारीख सांगणारं गेटडेट मात्र १ पासून मोजतं, आणि गेटडे देतं वार, तोही रविवारला ० धरून. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये ही भाषा दहा दिवसांत उभी केली, त्या घाईचा हा प्रसाद, असं सर्रास सांगितलं जातं. मूळ त्याहून बरंच मागे आहे.

नवी भाषा जावासारखी दिसली पाहिजे, असा आइक यांच्या नेटस्केप या ब्राउझर कंपनीत वरून आग्रह होता. त्यामुळे डेट, म्हणजे तारीख-वेळ सांभाळणारी सोय, जवळजवळ जशीच्या तशी जावातून उचलली गेली. आणि जावाची मोजणी जुळते सी भाषेतल्या तारीख-वेळेच्या 'टीएम' या स्ट्रक्चरशी (आकड्यांच्या गटाशी): महिना ० ते ११, वार ० ते ६, तारीख १ ते ३१, वर्ष १९०० वजा करून. सीमध्ये ॲरेची, म्हणजे ओळीने ठेवलेल्या यादीची, मोजणी शून्यापासून असते. महिन्यांची नावं ॲरेत ठेवली की हा आकडा थेट तिथे वापरता येतो. तारखांना नावं नसतात, मग त्यांना शून्य कशाला?

वर्षाची वजाबाकी मात्र अंगाशी आली. गेटइयर १९९९ साठी ९९ देई आणि लोक त्याच्यापुढे '१९' चिकटवत. २००० उजाडलं, गेटइयरने १०० दिले आणि कित्येक पानांवर वर्ष झळकलं १९१००! खरं तर पूर्ण वर्ष देणारं गेटफुलइयर १९९७ च्या पहिल्या एक्मास्क्रिप्ट (जावास्क्रिप्टच्या अधिकृत) मानकातच होतं. गेटइयर आजही ब्राउझरमध्ये आहे, कारण ते काढलं तर जुनी पानं मोडतील. जावाने याच मेथड १.१ आवृत्तीत कालबाह्य ठरवल्या. वेबला ती मुभा नव्हती.

दुसरा घोळ टाइमझोनचा. डेटच्या पोटात फक्त एक आकडा असतो: १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद. दिवस, तास हे वाचताना मशीनच्या टाइमझोननुसार काढले जातात. '२०२४-०१-०१' एवढंच दिलं तर ती यूटीसी मध्यरात्र धरली जाते, आणि न्यूयॉर्कमधल्या मशीनवर गेटडेट ३१ सांगतं.

टेम्पोरल हा डेटला नवा पर्याय मे २०२५ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरच्या १३९ व्या आवृत्तीत आला. त्यात जानेवारी १ आहे, टाइमझोन नसलेली नुसती तारीखही ठेवता येते. वारांचे आकडे सोमवार ते शनिवार जुन्यासारखेच, १ ते ६. रविवार तेवढा ० चा ७ झालाय, त्यामुळे जुना कोड हलवताना तो आधी तपासावा.