मुतखड्याच्या सीटीत दिसणारी हाडं

मुतखड्याच्या कळा आल्या की पोटाचा सीटी स्कॅन ठरलेलाच. खडा कुठे अडकलाय, किती मिलिमीटरचा आहे, हे सगळं रिपोर्टमध्ये येतं. त्याच स्कॅनमध्ये कंबरेचे मणकेही स्वच्छ दिसत असतात, पण त्यांच्याबद्दल बहुतेक वेळा अवाक्षर नसतं. साठी ओलांडलेल्या बाईंच्या बाबतीत हे दुर्लक्ष महागात पडू शकतं, कारण हाडं ठिसूळ झाली असतील तर त्याचा अंदाज याच स्कॅनमधून येऊ शकतो.

सीटीतल्या प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा असतो. एकक हाउन्सफिल्ड, सीटीसाठी १९७९चं नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एकाचं हे नाव. पाण्याला ०, हवेला उणे १०००. हाडात कॅल्शियम जितकं जास्त, तितका आकडा वर.

मोजायला फार खटाटोप नाही. कंबरेचा पहिला मणका, एल-१, छातीच्या आणि पोटाच्या अशा दोन्ही सीटींत सहसा येतो. त्याची कडक कड टाळून आतल्या जाळीदार हाडावर माउसने एक लंबगोल काढायचा, की सरासरी समोर. ठिसूळपणा आधी या जाळीतच शिरतो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात पेरी पिकहार्ट आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,९०० जणांचे सीटी त्यांच्या डेक्सा तपासणीशी (हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) ताडून पाहिले. २०१३मध्ये आलेल्या त्या अभ्यासानुसार आकडा १६०च्या वर असेल तर ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, शक्यता कमी, ११०च्या खाली असेल तर दाट. मधल्यांनी डेक्सा करून घ्यावी. मला जास्त चकित केलं ते वेगळ्याच गोष्टीने: ज्यांचे मणके आधीच दबून मोडले होते, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना डेक्साने ऑस्टिओपोरोसिसच्या यादीत धरलंच नव्हतं. डेक्साच्या सपाट चित्रात मणक्यावर वाढलेलं हाड आणि महाधमनीत साठलेलं कॅल्शियमही घनतेत मोजलं जातं. सीटीत ते बाजूला ठेवता येतं.

अर्थात हे उंबरठे दगडावरची रेघ नव्हेत. शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसण्यासाठीचं औषध) दिलं असेल तर आकडा फुगतो, यंत्राचं व्होल्टेज बदललं तरी फरक पडतो. दबलेला मणका मोजायचा नाही, शेजारचा घ्यायचा. आणि केवळ हाडांसाठी सीटी करायला जाऊ नये. त्याचा किरणोत्सर्ग डेक्साच्या कितीतरी पट असतो. पण दुसऱ्या कारणाने झालेल्या सीटीची सीडी घरात असेल, तर रेडिओलॉजिस्टना एल-१चा आकडा जरूर विचारावा. सोबत मणक्यांचं बाजूने घेतलेलं चित्रही पाहायला सांगावं. पडणं-आपटणं झालेलं नसताना दबलेला मणका त्यात दिसला, तर आकडा चांगला असला तरी उपचारांबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं.