संशोधनपत्रिकांचे मूल्यमापन

एखाद्या संशोधनपत्रिकेचा दर्जा आणि तिचा त्या विषयावरील प्रभाव ठरवण्याच्या पद्धती. या विचाराचा उगम ग्रंथालयांच्या गरजेत आहे. महाविद्यालयांनी रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी १९२७ मध्ये ग्रॉस आणि ग्रॉस यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या पत्रिकेतील संदर्भ मोजले. पुढे अमेरिकन माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफील्ड यांनी उद्धरणसूचीची (कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणत्या निबंधांत झाला याच्या सूचीची) कल्पना १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. इम्पॅक्ट फॅक्टर हा बहुचर्चित निर्देशांक त्याच कामातून आला.

त्याचा हिशेब सोपा आहे. पत्रिकेने २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून २०० शोधनिबंध छापले आणि २०२४ मध्ये त्या दोन वर्षांतील मजकुराचा ६०० वेळा उल्लेख झाला, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ६०० भागिले २००, म्हणजे ३. मात्र संपादकीये आणि वाचकांची पत्रे यांना मिळालेली उद्धरणे अंशात धरली जातात, छेदात त्यांची गणती होत नाही. त्यामुळे आकडा फुगू शकतो; ही पळवाट छोटी नाही.

खरी अडचण सरासरीची आहे. बहुतेक उद्धरणे मोजक्याच निबंधांना मिळतात. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या पत्रिकेत २००८ मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांचा ‘शेलएक्स’ या संगणकप्रणालीवरचा लेख आला. स्फटिकरचना उलगडणारे संशोधक ही प्रणाली सर्रास वापरत, त्यामुळे जो तो त्या लेखाचा हवाला देऊ लागला. पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर सुमारे २ वरून २००९ मध्ये जवळपास ५० वर गेला आणि तो लेख दोन वर्षांच्या मुदतीबाहेर पडताच पुन्हा २ च्या आसपास आला. बाकीच्या निबंधांचा कस या काळात वाढलाही नव्हता, घटलाही नव्हता. म्हणूनच पत्रिकेच्या आकड्यावरून एखाद्या संशोधकाची नेमणूक किंवा बढती ठरवणे अन्यायाचे आहे. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने (‘डोरा’) नेमका हाच आक्षेप घेतला.

साइटस्कोअर, एसजेआर (सायमॅगो जर्नल रँक), आयगेनफॅक्टर हे पत्रिकांचे इतर निर्देशांक. शेवटच्या दोहोंत उद्धरण कोणत्या पत्रिकेतून आले यालाही वजन असते. गणित आणि जीवशास्त्र यांची आकड्यांवरून तुलना करू नये, कारण गणितात उद्धरणे कमी असतात आणि उशिरा येतात.

दर्जा तपासायचा तर तज्ज्ञपरीक्षण खरोखर होते का, संपादक मंडळावरील नावे त्या विषयात काम करणाऱ्यांची आहेत का, आणि चूक उघड झाल्यावर पत्रिका दुरुस्ती छापते किंवा निबंध मागे घेते का, हे पाहावे लागते.