घोडी दाबते, ओढत नाही

आर्चटॉप गिटारच्या सगळ्या तारा एकदम काढायच्या नसतात, हे मला सदाशिव पेठेतल्या खोलीत उमगलं. शेवटची तार सैल झाली आणि घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी आधार, टपकन मांडीत आली. ती चिकटवलेली नव्हतीच, तारांच्या दाबावर उभी होती.

साध्या गिटारमध्ये तारा घोडीतच अडकवतात. घोडी तबलीला, म्हणजे धडाच्या पुढच्या फळीला, चिकटवलेली असते, म्हणून तारा तबलीला वर ओढत राहतात. आर्चटॉपचं गणित तंबोऱ्याच्या जवळचं. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्याच्या खालच्या टोकाला बांधलेल्या असतात, घोडीवरून जाताना त्या तबलीला खाली दाबतात. आर्चटॉपच्या तारा धडाच्या कडेला लावलेल्या टेलपीस नावाच्या धातूच्या पट्टीला अडकवलेल्या असतात. हा दाब पेलायला तबली कमानदार हवी. नावातली ‘आर्च’ ती हीच.

ही कमान गिटारला दिली अमेरिकेतल्या कालामाझूच्या ऑर्विल गिबसन यांनी. लाकूड वाकवण्यापेक्षा ठोकळ्यातून कोरून काढलं तर जास्त चांगलं वाजतं, यावर त्यांचा विश्वास. अशा मेंडोलिनचं पेटंट त्यांना १८९८ मध्ये मिळालं आणि १९०२ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. पण आज आपण आर्चटॉप म्हणतो तिचं रूप ठरलं १९२२ च्या एल-५ या गिटारमध्ये. त्या वेळी कंपनीत वाद्यांची रचना लॉइड लोअर बघत. भोकंसुद्धा त्यांनी व्हायोलिनसारखी, इंग्रजी ‘एफ’च्या आकाराची ठेवली.

कारण साधं होतं: आवाज. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्यात साधी गिटार ऐकूच येत नसे, म्हणून तिथे बॅन्जो चाले. कोरलेल्या तबलीचा सूर चटकन उठतो, लवकर विरतो आणि गर्दीतून आरपार जातो. काउंट बेसींच्या जॅझ बँडमध्ये गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षं असे ठोके देत बसले, तेही जवळपास कायम विजेशिवाय. मग चढाओढ लागली. १९३१ मध्ये एपिफोन या दुसऱ्या कंपनीनं आर्चटॉपची आपली मालिका आणली. गिबसननं १९३४ मध्ये अठरा इंच रुंदीची सुपर ४०० काढली. किंमत ४०० डॉलर, म्हणून ते नाव. (नाव ठेवण्याची ही पद्धत पुण्यात खपली नसती.)

कारागिरीचा खरा कस तबलीत लागतो. स्प्रूस या लाकडाच्या फळीचे दोन तुकडे पुस्तक उघडावं तसे जोडतात, म्हणजे रेषा दोन्ही बाजूंना सारख्या येतात. मग गोल पटाशीनं बाहेरचा फुगार काढायचा, उलटं करून आतून पोखरायचं. फळी सुरुवातीला इंचभर जाड. शेवटी मधे सहा-सात मिलिमीटर उरते, कडेला त्याहून कमी. बाकीचं लाकूड ढलप्या होऊन जमिनीवर. मागचा पाट मेपलचा, तोही असाच कोरलेला. कुठे थांबायचं हे बोटानं टिचकी मारून, कान देऊन ठरतं. तंबोऱ्याची घोडी घासून सुराला झंकार आणणाऱ्या, म्हणजे जवारी काढणाऱ्या, मिरजेच्या कारागिराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

१९३६ मध्ये गिबसननं आर्चटॉपवर पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग, बसवला आणि आवाजाचा प्रश्न विजेनं सुटला. १९४९ मध्ये आलेल्या त्यांच्या ईएस-१७५ या गिटारची तबली तर कोरलेली नव्हतीच, प्लायवूड दाबून केलेली होती. तरी न्यूयॉर्कच्या केनमेअर स्ट्रीटवर जॉन डी’अँजेलिको १९३२ पासून हातानंच कोरत राहिले. मूळचे व्हायोलिनच्या कामात तयार झालेले. १९६४ मध्ये ते गेले, तेव्हा नोंदवहीत १,१६४ गिटारी होत्या. पुढचं काम त्यांचे शिष्य जिमी डी’अक्विस्टो यांनी उचललं.

आपल्याकडे हे वाद्य वेगळ्याच दारानं आलं. ब्रिजभूषण काब्रांनी सुपर ४०० मांडीवर आडवी घेतली, तारा उंच केल्या, स्वरपूर्तीची तार जोडली आणि तिच्यावर राग वाजवले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका ज्यांच्या घरात वाजली, त्यांनी ती गिटार ऐकली आहे. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणाही मुळात आर्चटॉपच, तरफांच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, बारा तारा चढवलेली.

माझ्या गिटारच्या तबलीवर आता घोडीच्या पायांशी पेन्सिलीच्या दोन बारीक खुणा आहेत. तारा एकेकच बदलतो. पुण्याच्या जुलैत तबली फुगून वर येते, घोडीची उंची बदलणारी चाकं अर्धा आटा खाली घ्यावी लागतात. एप्रिलमध्ये परत वर.